पुसायचं का?

३ मार्च

बोलणं शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, "तुमच्या मिसेस दिवसभरात काय काय बोलतात ते रोज लिहून ठेवत जा." आज दिवसभरात ही जे बोलली ते असं: पुसा.

झालं. लिहून संपलं. पण डायरीचं पान मोठं आणि माझं अक्षर बारीक, तेव्हा उरलेल्या जागेत माझंच लिहितो.

हॉस्पिटलातून घरी येऊन आठवडा झाला. मेंदूत रक्ताची गाठ अडकली, उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. काठी धरून बाथरूमपर्यंत जाते. डॉक्टर म्हणतात, कळतं सगळं, फक्त शब्द सापडत नाहीत. जन्मभर पोहण्याच्या तलावावर पोरांना शिकवलं हिने. ह्या काठावरून ओरडली की त्या काठावरचं पोर दचकून पाण्यात पडायचं. तिच्याजवळ आता एक शब्द उरलाय, आणि तोही कोणता, तर पुसा. स्वच्छतेचं वेड तेवढं शाबूत राहिलं. जित्याची खोड म्हणतात ती हीच. म्हणीचा पुढचा भाग लिहीत नाही.

मी लिफ्टचा मेकॅनिक होतो. बिघाड झाला की आधी काय चालू आहे ते बघायचं, असं आम्हाला शिकवलेलं. चालू आहे: डावा हात, दोन्ही डोळे, एक शब्द.

५ मार्च

सकाळी चहा दिला तर म्हणाली, पुसा. बशी पुसली. बातम्या लावल्या तर पुसा. टीव्हीची काच पुसली. मग माझ्याकडे असं बघितलं की चष्म्याचाच दोष असेल म्हणून तोही पुसला. ओल्या फडक्यांचं एक अख्खं पाकीट आणून टेबलावर फोनशेजारी ठेवलंय.

लेकीचा फोन आला होता. ती राहते लांबच्या शहरात. तिच्या घराजवळ अशा पेशंटांसाठी सेंटर आहे, दिवसभर व्यायाम, बोलण्याचे धडे, नर्स. जागा मिळतेय, पण महिनाअखेरीला यावं लागेल. नातेवाइकांना राहायची सोय नाही. "सहा महिने, बाबा. मग बघू." मीही आयुष्यभर लोकांना असंच सांगत आलो. लिफ्ट तूर्त चालेल, मग बघू.

मी म्हणालो, विचार करतो. स्पीकर चालू होता. पलंगावरून ही म्हणाली, "पूस." मला पुसा म्हणते आणि लेकीला पूस. म्हणजे नवरा कोण आणि लेक कोण हे बरोबर कळतंय. बाईंना सांगायला हवं, त्या खूश होतील. मी ओटा पुसून घेतला.

७ मार्च

आज मोठी गोष्ट घडली. हिने स्वतःहून टीव्हीखालच्या खोक्याकडे बोट दाखवलं.

खोकं म्हणजे हिचं गेमचं यंत्र. लेक कॉलेजला गेली तेव्हा टाकून गेली, ते हिने उचललं. मग धाकट्या बहिणीलाही त्याचा नाद लावला. त्याला मी कायम खोकंच म्हणत आलो. जुनं मॉडेल, आता कंपनीही त्याला ओळख देत नाही. पण त्याचा रिमोट एका हातात धरायचा असतो आणि पडद्याकडे रोखायचा. डाव्या हाताचं काम! मी लावून दिलं. पडद्यावरचा छोटा हात थरथरत इकडेतिकडे गेला आणि मग तिला हवा तिथे जाऊन थांबला. मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडून उभा राहिलो.

हिचं त्यात एक बेट आहे. नाशपातीची झाडं, फरसबंद वाटा, एक दीपगृह. राहणारे सगळे पक्षी. हिची बाहुली म्हणजे पोहण्याची टोपी घातलेली एक ठेंगणी बाई. दीपगृहाच्या दाराशी एक बगळा दिवसभर उभा असतो, मान खाली घालून, काही कामधाम नाही. त्याच्या डोक्यावर नाव आहे: ए, एच, ओ. एहो. कुठलंतरी परदेशी नाव दिसतंय. हिने टोपीवाल्या बाईला आधी त्या बगळ्याकडेच नेलं आणि त्याच्या हातात एक नाशपाती दिली.

बाई संध्याकाळी येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, रोज खेळू द्या, ह्याच्यासारखं औषध नाही. आणि हो-नाही उत्तर देता येईल असे प्रश्न विचारत जा. मी म्हणालो, विचारतो की. चहा घेतेस ना, असं विचारूनच कप हातात देतो.

ता. क. खोक्याच्या पडद्यावर एक चिठ्ठी आली आहे. फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून वाचली. त्यांचं दुकान ह्या महिनाअखेरीला कायमचं बंद होतंय. विकत घेतलेलं पण उतरवून न घेतलेलं काही असेल तर तोपर्यंत घ्यावं, नंतर मिळणार नाही. हिचं एक आहे. बेटाला जोडायचं तळं. आजारी पडायच्या आदल्याच आठवड्यात पैसे भरून ठेवलेले दिसताहेत.

तळं! पोहायचं! हे आणून द्यायचंच. ती सेंटरला जावो की इथे राहो, जाण्याआधी टोपीवाली बाई पाण्यात उतरलीच पाहिजे.

८ मार्च

दुकान उघडत नाही. सकाळभर डोकं फोडलं. शेवटी कळलं की खोक्याच्या मते आज वीस वर्षांपूर्वीचा एक जानेवारी आहे. आतला घड्याळाचा सेल मेलाय. हॉस्पिटलात होतो तेव्हा घरची वीज कधीतरी गेली असणार. दुकानवाल्यांचं म्हणणं, ज्याला आजची तारीख माहीत नाही त्याला आत घेणार नाही. डॉक्टरांनीही हिला शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न तोच केला होता. आज तारीख काय?

पाठ उघडून सेल बदलला. असलं काम असलं की माझे हात खूश. दुकान उघडलं. तारीख एकदम एवढी पुढे गेल्यामुळे बेटावर मात्र सगळीकडे गवत माजलं आणि पक्षी हिला म्हणायला लागले की होतीस कुठे इतकी वर्षं. ही हसली. आजारपणानंतर पहिल्यांदा. मग दिवसभर बसून गवत उपटलं.

११ मार्च

तळं उतरत नाही. जागा शिल्लक नाही.

ह्या खोक्याचा हिशेबच तिरपागडा आहे. वस्तू एवढीशी असली तरी तिला दुप्पट जागा लागते. आधी गाठोडं आत येतं, मग गाठोडं तसंच ठेवून त्याच्याशेजारी सामान मांडतं, आणि सगळं मांडून झालं की मग गाठोडं फेकतं. पाहुण्याने आपली ट्रंक दिवाणखान्याच्या मधोमध ठेवून मगच कपडे कपाटात लावावेत, तसं. आणि खोकं म्हणजे जुन्या काळची एक खोली. आताच्या फोनमध्ये मावतं त्याच्या चिमूटभरही त्यात मावत नाही.

बाहेरून कार्ड लावता येतं. पण कार्ड म्हणजे माळा. माळ्यावर टाकलेला खेळ खेळायचा तर आधी खाली खोलीत उतरवावा लागतो, आणि खोलीत तो ठेवायला जागा नसेल तर माळ्यावर असून नसल्यासारखाच. ज्याने हे बनवलं त्याच्या घरी माळा नसणार.

१२ मार्च

दुकानातलं सर्वांत मोठं कार्ड आणलं. खोकं म्हणतं, कार्ड घातलेलंच नाही. जास्त मोठं कार्ड त्याला दिसत नाही. हत्ती समोर उभा आणि हा म्हणतो, कुठाय? कपाळाला हात लावला.

ही सकाळपासून माझी मजा बघत होती. हातवारे करून टेबलावरच्या फोनकडे दाखवत म्हणाली, "पुसा." फोन पुसला.

१४ मार्च

जुन्या बंद कॅमेऱ्यात लहान कार्ड सापडलं. ते दिसलं! लेकीचे सगळे मोटारींचे खेळ माळ्यावर चढवले. तरी थोडी जागा कमी पडतेच. आता खोलीत राहिलंय फक्त बेट. ते माळ्यावर चढवायला गेलो तर त्याला कुलूप आहे, हलवता येत नाही, म्हणे. का, ते सांगत नाही.

पण मला एक युक्ती सुचली आहे. बेटही ह्याच दुकानातून घेतलेलं आहे. एकदा घेतलेलं परत उतरवायला पैसे पडत नाहीत. म्हणजे बेट काढायचं, तळं घ्यायचं, गाठोडं फेकलं गेलं की उरलेल्या जागेत बेट पुन्हा घ्यायचं. दुकान बंद व्हायच्या आत सगळं होतंय. कसंही करून बसवायचंच. लिफ्टमध्ये कपाट नेताना आम्ही असंच करायचो, आधी दार काढायचं, मग कपाट, मग दार.

१५ मार्च

काय झालं ते जसंच्या तसं लिहितो.

दुपारी हिला उशी लावून बसवलं. रिमोट माझ्या हातात होता. बेटावर आणून मी म्हणालो, "हे काढलं तर तळं बसतंय. काय करू, सांग."

पडद्यावर पाटी आली. भाषांतर करून मोठ्याने वाचून दाखवली. पुसायचं का? एकदा पुसलं की परत आणता येणार नाही. हो. नाही.

ही ताठ झाली. पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पुसा!" डाव्या हाताने टेबलाकडे दाखवत परत, "पुसा! पुसा!" इतक्या जोरात तर ती महिन्याभरात बोलली नव्हती. तलावावरचा आवाज. टेबलावर फोन होता आणि फडकी होती. आता आणखी किती स्पष्ट सांगायचं माणसाने?

मी हो दाबलं.

तिने जो आवाज काढला तो शब्द नव्हता.

मी म्हणालो, अगं, परत आणतोय ना, थांब जरा. तळ्याचं नंतर बघू म्हणून आधी बेटच परत उतरवून घेतलं. आलं. पण ते हे बेट नव्हे. नुसती वाळू. एक तंबू. एक बगळा, डोक्यावर नाव नाही, विचारतोय की तुम्ही कोण? झाडं नाहीत, वाटा नाहीत, टोपीवाली बाई नाही.

खेळ वेगळा असतो आणि खेळलेलं वेगळं. खेळ दुकानात मिळतो. खेळलेलं फक्त ह्या खोक्यात होतं, आणि त्यालाच ते कुलूप होतं.

हिने बराच वेळ त्या वाळूकडे बघितलं. मग पांघरूण डोक्यावरून घेतलं.

१६ मार्च

आज शब्द: नाही. म्हणजे "नाही" असा शब्द नाही, शब्दच नाही.

१७ मार्च

तेच. सूप अर्धं ठेवलं. रिमोट हातात दिला तर पलंगावर पालथा ठेवला.

मला राग येतोय आणि तो कुणाचा येतोय ते कळत नाही. तिनेच सांगितलं ना पुसा? मग रडते कशाला? की काय बोलतो ते तिला कळतच नाही? ह्या दुसऱ्या प्रश्नाने रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

१९ मार्च

लेकीला सगळं सांगितलं. पुसा म्हणाली म्हणून पुसलं आणि आता त्याच्याच दुःखाने अन्न तोडलंय. लेकीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, म्हणजे तिचं बोलणं आणि मनातलं आता जुळत नाही. तुम्ही एकटे कसे समजून घेणार तिला? उद्या औषध हो म्हणाली म्हणून दोनदा द्याल."

लागलं मला ते. पण खोटं काय आहे त्यात? एका शब्दाची बायको मला सांभाळता आली नाही. करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

मी म्हणालो, ने तिला. सेंटरची जागा पक्की कर.

पलंगावरून चार दिवसांनी पहिल्यांदा आवाज आला. "पूस." हळू. मग माझ्याकडे तोंड करून, "पुसा."

मी म्हणालो, "पुसलं ना सगळं! अजून काय पुसायचं राहिलंय?" आवाज चढला माझा. तिने डोळे मिटून घेतले.

२४ मार्च

लेक एकतीस तारखेला गाडी घेऊन येते. बॅग भरतोय. मी हिचा गाऊन ठेवला की ही डाव्या हाताने काढून पलंगावर ठेवते. मी परत ठेवतो, ती परत काढते. मला वाटलं, घडी नीट नसेल. पुन्हा घड्या केल्या. शेवटी ती सगळ्या बॅगेवरच हात पसरून बसली.

मोठ्या भांडणातसुद्धा आमचा अबोला कधी इतका लांबला नव्हता. भांडायला तरी दोघांकडे शब्द हवेत.

हिच्या धाकट्या बहिणीला फोन केला. म्हटलं, ताईला भेटून जा, परवा तेरवा कधीही, मग ती सहा महिने नसेल. धाकटी म्हणाली, "हे कधी ठरलं? आणि ताईने मला कळवलं कसं नाही?" म्हटलं, कळवायला बोलता कुठे येतंय? तर म्हणाली, "हां. विसरलेच."

२८ मार्च

धाकटी आली. आजचं सावकाश लिहायला हवं.

ती आली, ताईच्या गळ्यात पडली, दोघी रडल्या. धाकटी बोलत होती आणि ही नुसती ऐकत होती. मी चहा करून आणला आणि म्हणालो, बॅग तेवढी तू भर, माझ्या हातची तिला पसंत नाही. धाकटीने बॅग उघडली आणि ही म्हणाली, "पूस."

मी ओलं फडकं धाकटीच्या हातात दिलं.

धाकटीने फडक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हे कशाला?"

"पूस म्हणतेय ना ती. महिनाभर तेच चाललंय. घराचा आरसा झालाय."

"अहो भाऊजी," धाकटी म्हणाली, "पूस म्हणजे विचार."

मला कळेना.

"आमच्या आईकडं विचारायला पुसणंच म्हणतात. बाबांना पूस, आजीला पूस, जेवणार का पूस. ताई सासरी आली ना, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तुमच्या आईला म्हणाली, मामंजींना पुसू का? तुमच्या आईने टॉवेल दिला हातात. सगळं घर पोट धरधरून हसलं. ताईने माहेरी येऊन सांगितलं आणि आम्हीही हसलो. तेव्हापासून तिने तो शब्द टाकलाच. तुमच्यासारखं विचारा, विचारा बोलायला लागली. मी चुकून बोलले तरी डोळे वटारायची."

ही पलंगावर बसली होती आणि तिचे दोन्ही गाल ओले होते. मान मात्र सारखी हलत होती. हो, हो, हो.

मी टेबलाजवळच्या खुर्चीत बसलो. एकेक समोर यायला लागलं. लेकीने सेंटरचं काढलं तेव्हा, पूस. फोनकडे बोट दाखवून, पुसा. धाकटीला फोन करा, तिला विचारा, हा खेळ तिला कळतो, म्हणजे ते! आणि त्या दुपारी मी पाटी वाचत होतो, पुसायचं का, आणि ही जिवाच्या आकांताने सांगत होती, आधी कुणालातरी विचारा. आणि गेल्या आठवड्यात, सेंटरला ने म्हणालो तेव्हा. मला पुसा. मला विचारा. मी तिच्यावर ओरडलो, पुसलं ना सगळं.

सबंध महिन्यात मी ह्या बाईला एकही गोष्ट धड विचारली नाही. पुसली मात्र दिसेल ती.

धाकटीसमोर रडणं बरं दिसत नाही म्हणून मी गॅलरीत गेलो. तिथेही शेजारचे होते. तेव्हा आतच येऊन रडलो.

मग धाकटीने बेटाचं विचारलं. सांगितलं. ती म्हणाली, बेट गेलं ते गेलंच, त्याला इलाज नाही. पण रिमोट कुठाय? तिने रिमोट रोखून कसलीतरी चार बटणं दाबली आणि पडद्यावर टोपीवाली बाई येऊन उभी राहिली! तशीच ठेंगणी, तीच टोपी. मागच्या उन्हाळ्यात ही धाकटीकडे खेळायला गेली होती, तेव्हा बाहुली रिमोटमध्ये घालून घेऊन गेली होती. ह्या खोक्याच्या रिमोटमध्ये एका माणसापुरती जागा असते, म्हणे. तेवढीच.

म्हणजे मी सगळं पुसलं तेव्हा ती कुठे गेली नव्हती. माझ्याच हातातल्या रिमोटमध्ये होती.

२९ मार्च

आज मी हिला विचारलं.

बाई म्हणतात, अशा पेशंटांचं हो आणि नाही कधीकधी उलटंपालटं होतं, मान हलवण्यावर जाऊ नका. म्हणून मी खोक्यावरची पाटी आणली. खेळ बंद करायचा का असं ते विचारतं, खाली हो आणि नाही. रिमोट तिच्या डाव्या हातात दिला. म्हटलं, पाटीवर काय लिहिलंय ते सोड, मी विचारतो त्याचं उत्तर दाखव, बटण दाबू नकोस.

"तुला लेकीकडच्या सेंटरला जायचंय?"

छोटा हात सरकला आणि नाहीवर थांबला.

लिफ्ट वर गेली म्हणजे खाली येईलच असं नसतं, दोन्हीकडून तपासावी लागते. "तुला इथेच राहायचंय?"

हो.

"माझ्याकडून चुका होतील. आधीच एक मोठी झालीय. चालेल?"

हात मधेच थांबला. होपासून नाहीपर्यंत दोनतीन हेलपाटे घातले. मग माझ्याकडे तिरपं बघत होवर आला. चेष्टा करत होती! लबाड.

बाईंना फोन केला. म्हणाल्या, अशा आजारात पुष्कळदा लहानपणचे शब्द आधी वर येतात. आणि तुम्ही घरी रोज व्यायाम करून घेणार असाल तर मीही जास्त वेळा येईन.

लेकीला अजून सांगितलेलं नाही. माझी हिंमत होत नाही. तिने रजा काढलीय, तिथे पलंग अडवून ठेवलाय. तीही आईच्या मायेपोटीच हे सगळं करतेय.

३० मार्च

तळं आलं. जागा आता भरपूर आहे, वाळूला किती लागते? तरी एकदा अर्ध्यात तुटलं. हात लावला नाही की हे यंत्र झोपतं आणि उठल्यावर पहिल्यापासून सुरू करतं. मग मुक्कामाला राहिलेली धाकटी, मी आणि ही पाळीपाळीने रिमोट हलवत बसलो, पाळण्याला झोका देत बसावं तसे. गाठोडं आलं, सामान मांडलं, गाठोडं फेकलं.

टोपीवाली बाई पाण्यात उतरली. आमची ही पुढे वाकून बघत होती आणि तिचा डावा खांदा त्या बाईबरोबर पुढे मागे होत होता.

मग तो बिननावाचा बगळा आला आणि म्हणाला, मला काय म्हणाल? अक्षरांची पाटी आली. मला वाटलं, अक्षरं हिला जमणार नाहीत, बाईंच्या तक्त्यावरची अजून जमत नाहीत. मी बोलायला तोंड उघडलं आणि धाकटीने मला कोपर मारलं. हिचा हात थरथरत निघाला. ए. बराच वेळ. एच. मग इकडेतिकडे भटकून, ओ.

"परत एहोच," मी म्हणालो. "जुनं परदेशी नाव."

"परदेशी कुठलं, भाऊजी?" धाकटी म्हणाली. "मोठ्याने वाचा. माझी ताई तुम्हाला हाक काय मारते?"

मी वाचलं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं तो बगळा दीपगृहाशी मान खाली घालून उभा होता आणि ही त्याला रोज नाशपाती नेऊन देत होती, आणि मी शेजारच्या खुर्चीत बसून पेपर वाचत होतो.

ही माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "ओ."

३१ मार्च

लेक सकाळी आली. दमलेली, पहाटेपासून गाडी चालवत. आल्या आल्या आईला मिठी मारली, मग म्हणाली, "बाबा, बॅग कुठाय? तिथे जेवणाच्या आधी पोचायला हवं."

मी म्हणालो, "तू आधी बस. ती येत नाहीये."

"हे कोणी ठरवलं? तुम्ही?"

"मी नाही."

"मग काल परवापर्यंत तर तुम्हीच म्हणत होता की तिला काही कळत नाही. बाबा, मला तुमची पण काळजी आहे. तुम्हाला काही झालं तर हिला कोण बघणार? मी सगळी सोय करून आलेय. आता परत जाऊन त्यांना काय सांगू?" आणि तिचे डोळे भरले. मला वाईट वाटलं. महिनाभर तिलाही मीच चुकीचं सांगत आलो होतो.

मी म्हणालो, "मला नको सांगू. तिला पूस."

लेकीने टेबलावरचं फडकं उचललं आणि आईची हनुवटी पुसायला गेली.

धाकटी फिस्सकन हसली. मीही हसलो. आणि ही! तोंड अर्धंच हसतं तिचं हल्ली, पण पोट सबंध हलत होतं. लेक फडकं हातात धरून आम्हा तिघांकडे वेड्यासारखं बघत राहिली. मी सांगितलं. पूस म्हणजे विचार, इथपासून सगळं सांगितलं.

लेक मग खाली आईच्या पायाशी बसली. फडकं बाजूला ठेवलं. "आई," ती म्हणाली, "तुला माझ्याकडे यायचंय की इथे राहायचंय?"

हिने रिमोट उचलला. दोन्हीकडून तपासून झालं. लेकीने तीन वेळा विचारलं, तिन्ही वेळा तेच. मग लेक आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली आणि ही तिच्या केसांतून डावा हात फिरवत राहिली. संध्याकाळी लेकीने सेंटरला फोन करून पलंग सोडला. दर महिन्याला येईन म्हणाली. बॅगेतले कपडे तिनेच कपाटात लावले.

दुकान आज बंद झालं. त्याची शेवटची पाटी आली होती, ती मी हिला वाचून दाखवली.

आज ही दिवसभरात काय बोलली: एकही शब्द नाही. बाई विचारतील, असं का? त्यांना सांगायला हवं की आज गरजच पडली नाही.